किल्ली न देता चालणारे घड्याळ

न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे आर्थर बेव्हर्ली यांनी १८६४ साली घडविलेल्या घड्याळास आजवर कोणी हाताने किल्ली दिलेली नाही. त्यातील हवाबंद पेटीतली हवा तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. त्या हालचालीने वजन वर चढते व ते उतरताना चक्रे फिरतात. दिवसभरात सहा अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास एक पौंडाचे वजन एक इंच उचलले जाते. फरक अपुरा पडला तेव्हा हे घड्याळ थांबलेही आहे. म्हणून मुलांना हा चमत्कार वाटू देऊ नये; येथे उष्णता खर्ची पडते.

तुडीलच्या वर्गात रिकाम्या काचेच्या बाटलीस सकाळी, सावलीत, फुगा बांधावा आणि दुपारी ती उन्हात ठेवावी. फुगा किंचित ताठ झाल्यावरच घड्याळाची गोष्ट सांगावी. आधी सांगितल्यास बाटलीकडे कोणी पाहत नाही, असा अनुभव आहे.