हाडे : रचना, कार्य आणि आपल्या भागातील हाडांचे दुखणे

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात टांगलेला सांगाडा आपण पाहिला आहे. कोरडा, पांढरा, हात लावला की खडखडणारा. तो पाहून हाड म्हणजे घराचा वासा, एकदा बसवला की झाले, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात जिवंत माणसाचे हाड ओलसर असते. त्यातून रक्त वाहते. ते झिजते, दुखते आणि मोडले तर स्वतःला सांधून घेते.

परीक्षेपुरते आकडे आधी सांगून टाकतो. प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात. कवटी, पाठीचा कणा, बरगड्या आणि छातीचे हाड मिळून अक्षीय सांगाड्यात 80, तर हात, पाय, खांदे व कंबर यांच्या उपांग सांगाड्यात 126. सर्वांत लांब हाड मांडीचे, सर्वांत लहान कानातील रिकिबीचे. ते जेमतेम 3 मिलिमीटर भरते. नवजात बालकात हाडांची संख्या याहून बरीच जास्त असते. पुढे त्यांतील काही एकमेकांना जुळून एक होतात.

हाडाची रचना समजायला आपल्याकडील कुडाची भिंत आठवावी. आत बांबूचा ताटवा, वरून मातीचा लेप. नुसती माती ढासळेल, नुसता ताटवा वाकेल. हाडातही कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे धागे असतात आणि त्यांवर कॅल्शियम व फॉस्फेटच्या क्षाराचा थर चढलेला असतो. कोंबडीचे बारीक हाड आठवडाभर सिरक्यात (व्हिनेगरमध्ये) बुडवून ठेवा. क्षार विरघळतो आणि हाड रबरासारखे वाकते. उलट, चितेत धागे जळून जातात आणि क्षार तेवढा उरतो, म्हणून वेचलेल्या अस्थी चिमटीत चुरतात.

हाडे शरीराला आधार देतात, मेंदू, हृदय व फुप्फुसांचे रक्षण करतात आणि स्नायूंना ओढायला तरफ पुरवतात. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठवलेले असते. हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. पण एक कार्य विद्यार्थी नेमके विसरतात. हाडाचा बाहेरचा भाग घट्ट, तर आतला भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत तांबडी मज्जा असते आणि दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या रक्तपेशी तिथे तयार होतात. पालीत शरीराच्या बत्तीस भागांची जी यादी आहे, तिच्यात अट्ठि या शब्दाला लागूनच अट्ठिमिंजा, म्हणजे मज्जा, येते. हाड रक्त घडवते आणि त्याच रक्तावर जगते.

याच ठिकाणी चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रश्न सुरू होतो. आपल्या समाजात आणि शेजारच्या आदिवासी बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. भारतात तो प्रथम 1952 साली निलगिरीच्या डोंगरात नोंदला गेला. या आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच मोडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना उठतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. मोठेपणी खुब्यातील मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मरते व खचते, आणि ऐन तरुण वयात माणूस लंगडू लागतो.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. रोवणीच्या दिवसांत पाण्यात भिजला की आठ-आठ दिवस शाळेत येत नसे. तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हातान्हात घरच्यांबरोबर जंगलात गेला की परत अंथरूण धरी. "सर, हाडं फुटतात," एवढेच सांगे. मी त्याला कामचुकार समजलो आणि हजेरीत लाल शाई ओढत राहिलो. थंडी, भिजणे आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे सिकलसेलचा झटका येतो, हे मला फार उशिरा कळले. मी जीवशास्त्रच शिकवीत होतो.

हाडांच्या प्रत्येक दुखण्यामागे सिकलसेलच असतो असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर डाग पडतात, पुढे कणा व सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, म्हणून पाण्याची तपासणीच करावी लागते.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी बोटातील थेंबभर रक्तावर होते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ती केली जाते. त्यात दोष दिसल्यास पुढची तपासणी करून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवतात. रुग्णाला फॉलिक अॅसिड व डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया देतात. भरपूर पाणी पिणे तर रोजचेच औषध. वाहक सहसा ठणठणीत असतो, म्हणूनच त्याला काही कळत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाने दोष नसलेल्या व्यक्तीशी लग्न केले तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, नोकरी, उंची, रंग असे सगळे रकाने असतात. त्यात रक्त तपासणीचा एक रकाना वाढवायला छपाईचा खर्चही वाढणार नाही.