आधी विहीर, मग जकात

वाचकहो, लांबची वाट पायांनी चालतात असे आपण म्हणतो. पण वारीला चाललेल्यास ठाऊक आहे की ती पाण्यावर चालते. याचा एक जुना दाखला आज आम्ही सांगतो.

मिसर देशात नाईलच्या काठी कॉप्टॉस नावाचे नगर होते, आणि तांबड्या समुद्रावर बेरेनिकी हे बंदर. मध्ये नुसते वाळवंट अन् उघडे डोंगर. रोमन अमदानीत हिंदुस्थानचा माल बेरेनिकीला उतरे, उंटांवरून कॉप्टॉसला जाई, तेथून नावांनी अलेक्झांड्रियाला आणि पुढे रोमला. त्या व्यापारात आपलाही वाटा होता बरे! पहिल्या शतकातला एक ग्रीक ग्रंथ सांगतो की पैठणचा अकीक आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरी येई. भडोचहून पैठण २० दिवसांवर, तेथून पूर्वेस तेर आणखी १० दिवसांवर. तेच पुढे नाथांचे पैठण, गोरोबाकाकांचे तेर!

प्लिनी हा रोमन ग्रंथकार कॉप्टॉस-बेरेनिकी वाट २५७ रोमन मैलांची सांगतो. बाराव्या दिवशी बंदर लागे. उन्हामुळे चाल बहुधा रात्री. दिवस पाण्याच्या ठाण्यावर काढायचा. मुक्काम कोण ठरवी? विहीर!

इ. स. ७६-७७ च्या सुमारास मिसरचा रोमन सुभेदार ज्युलियस उर्सस याच वाटेवर होता. एके जागी त्याने पाणी शोधण्याचा हुकूम केला. पाणी लागल्यावर तेथे गढी व टाके बांधविले. तसा शिलालेखच सापडला आहे. त्यात तो ‘बेरेनिकीहून परतताना’ असे म्हटले आहे. आम्हास तोच शब्द मोलाचा वाटतो. जो स्वतः त्या वाटेने गेला-आला, त्यास तहान कळली.

आता दुसरा शिलालेख पाहा, इ. स. ९० चा, कॉप्टॉसचा. त्यात या वाटेच्या पट्टीचे दर कोरले आहेत. उंटाच्या परवान्याला पट्टी, अन् प्रेतयात्रेलाही जाऊन-येऊन १ द्राख्मा ४ ओबोल. मेलेल्यालाही माफी नाही!

दोन्ही लेख एकाच राज्याचे. पण क्रम ध्यानी घ्या. विहीर होती म्हणून उंट चालले, उंट चालले म्हणून पट्टी मिळाली. सहाव्या शतकात बेरेनिकी ओस पडले, पट्टी घेणारे गेले. पाणी शोधविणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. यात्रेच्या वाटेवर चार पैसे मिळविणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या दारचा रांजण भरला आहे की नाही, एवढे पाहावे.