स्क्रोल सॉचं ब्लेड का सुटतं?

कार्पेंटरी शॉपच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेलं एक मशीन पुष्कळ कॉलेजांत असतं. जर्नलमध्ये त्याची आकृती काढावी लागत नाही, व्हायव्हाला त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतही नाही. हे मशीन म्हणजे स्क्रोल सॉ. दोन लांब हातांच्या मध्ये उभं ताणलेलं नाजूक ब्लेड, खाली टेबल, आणि एक मोटर जी ते ब्लेड वरखाली नाचवते. प्लायमधून गणपतीच्या मखराची जाळी कापणं किंवा मॉडेल विमानाच्या रिब्ज काढणं हे याचं काम.

“आता लेझर कटिंग आहे की!” असं कुणी म्हणेल. आहे ना. पण पीव्हीसीचा पत्रा लेझरवर चालत नाही, त्यातून आम्लाचा वायू निघतो आणि माणसाच्या फुप्फुसाचं आणि मशीनचं दोघांचं वाटोळं होतं. पॉलिकार्बोनेट करपतं. आणि रोबोच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री अकरा वाजता दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची एक ब्रॅकेट हवी असेल, तर लेझरवाला दुकान उघडणार नाही. त्यामुळे “ब्लेड सारखं सुटतं” एवढ्या एका तक्रारीवरून हे मशीन भंगारात काढणं मला पटत नाही. वर्कशॉपच्या मामांना विचाराल तर मोटर ठीक असते, बेअरिंग ठीक असतात. दोष बहुधा अंगठ्याएवढ्या दोन तुकड्यांत असतो. ते म्हणजे ब्लेडचे क्लॅम्प.

ब्लेड दोन प्रकारची मिळतात. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, ती क्लॅम्पच्या खाचेत अडकवायची, की झालं. दुसरं साधं, बिनपिनेचं, पाच इंच लांब. पिनवालं बसवायला सोपं, पण आतली नक्षी कापायची तर पिन जाण्यासाठी पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. मग बारीक जाळी कसली करता? साध्या ब्लेडला दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. म्हणून स्वस्त मशीनवरचे पिनवाले क्लॅम्प काढून साध्या ब्लेडचे बसवणं ही पहिली सुधारणा. खरी परीक्षा मात्र इथेच सुरू होते, कारण आता ब्लेड फक्त घर्षणावर धरायचं आहे.

थोडा हिशेब करू. पाच नंबरचं ब्लेड साधारण एक मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असतं. त्यात १०० न्यूटनचा ताण धरू. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना घर्षण मिळतं. नव्या ब्लेडवर तेलाचा हात असतो, म्हणून घर्षणांक ०.१५ धरू. म्हणजे लागणारी दाबशक्ती १०० भागिले दोन गुणिले ०.१५, म्हणजे ३३३ न्यूटन. पाच मिलिमीटरच्या स्क्रूने एवढा दाब आणायला टॉर्क लागतो सुमारे ०.३३ न्यूटन-मीटर. दहा मिलिमीटर व्यासाचं खरबरीत डोकं चिमटीत धरून प्रत्येक बोटाने ३० न्यूटन जोर लावला तर मिळतो ०.३! म्हणजे ब्लेड सुटतं यात भुताटकी काही नाही, गणितच तसं आहे. तेच डोकं २५ मिलिमीटरचं केलं की त्याच चिमटीत ०.७५ मिळतो, आणि दुपटीहून जास्त फॅक्टर ऑफ सेफ्टी हातात येतो. आणि ब्लेडची टोकं २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोनदा घासून तेल काढलं तर घर्षणांकच वाढतो. हे दुसरं काम फुकट आहे, म्हणून आधी तेच करून बघा.

स्क्रूचं टोक सरळ ब्लेडवर टेकत असेल तर आणखी एक गडबड होते. स्क्रू आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात टोक ब्लेडला आपल्याबरोबर फिरवतं. ब्लेड पिळलं जातं आणि मग कापताना रेषा सोडून एका बाजूला पळतं. आपण म्हणतो ब्लेड खराब आहे. उपाय सोपा: स्क्रूच्या पुढे, त्याच भोकात, चार मिलिमीटर व्यासाची पितळेची छोटी गोळी घालायची. गोळी म्हणजे गोल नव्हे, सपाट तोंडाचा दंडगोल. स्क्रू फिरतो, गोळी न फिरता नुसती पुढे सरकते, आणि ब्लेडवर टोचणारा बिंदू न येता चार मिलिमीटर लांबीचा सपाट दाब येतो.

आता ज्या मुद्द्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, तो. मशीनचा हात एका खिळीभोवती झुलतो, म्हणजे ब्लेड सरळ उभं राहिलं तरी हाताचा कोन सतत बदलतो. हात ४०० मिलिमीटरचा आणि स्ट्रोक २० मिलिमीटरचा असेल, तर मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे दहा-दहा मिलिमीटर, म्हणजे सुमारे १.४ अंश. क्लॅम्प हातावर मोकळा डुलत असेल तर काही बिघडत नाही. पण भुसा आणि जुनं ग्रीस यांचा लगदा होऊन तो जाम झाला, तर तो दीड अंश ब्लेडला वाकून भरून काढावा लागतो, तोही रुंदीच्या दिशेने, जिथे ते सगळ्यात ताठ आहे. ताणलेल्या तुळईच्या टोकाला कोन दिला तर तिथला बेंडिंग मोमेंट म्हणजे कोन गुणिले ताण व ई-आय यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. आपल्या ब्लेडसाठी तो येतो सुमारे २० न्यूटन-मिलिमीटर, आणि त्यापासून स्ट्रेस सुमारे ३०० मेगापास्कल. ताणामुळे आधीच २५० मेगापास्कल आहे. त्यावर हा ३०० अधिक-उणे, मिनिटाला १४०० वेळा! एस.ओ.एम.च्या पेपरात फटीगचा प्रश्न आपण सोडवतो, तो इथे प्रत्यक्ष घडतो, आणि ब्लेड बरोबर क्लॅम्पच्या काठाशी तुटतं. तुटलेली ब्लेडं गोळा करून बघा. तुटण्याची जागा काठाशीच असेल तर स्क्रूला दोष देऊ नका, क्लॅम्पची खिळी साफ करा. तिथे ग्रीस नको, भुसा चिकटतो. पेन्सिलच्या शिशाची पूड पुरते.

वजनाचंही बघायला हवं. १४०० स्ट्रोक आणि २० मिलिमीटर धरले, तर टोकाला त्वरण येतं सुमारे २१५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बावीसपट. १२ मिलिमीटर चौरस एम.एस. बारचा २५ मिलिमीटरचा तुकडा भरतो २८ ग्रॅम, त्याला हलवायला लागतात ६ न्यूटन. तेवढाच ॲल्युमिनियमचा तुकडा १० ग्रॅमच्या आत, आणि बल २ न्यूटन. खालचा हात मोटर सरळ चालवते, वरचा मात्र ब्लेड आणि मागचा ताणदांडा यांच्या ओढीवर चालतो. म्हणून माझं मत असं, की खालचा क्लॅम्प खुशाल लोखंडाचा करा, वरचा ॲल्युमिनियमचा. वरच्या स्क्रूला पितळेचा जड नॉब लावून मिळवलेलं घालवू नका, नायलॉनचा चालतो. ॲल्युमिनियमचे आटे रोजच्या उघडझापीने झिजतात, हा तोटा आहेच. दोन क्लॅम्प एकदमच बनवून एक स्पेअर ठेवायचा.

बनवण्याबद्दल फार लिहायला नको, फिटिंग शॉपमध्ये ज्याने एकदा जॉब घासला आहे त्याला जमेल. तुकडा चौरस करा, हॅकसॉने १२ मिलिमीटर खोल खाच पाडा, ती सुमारे एक मिलिमीटरची होते. एका गालात ४.२ मिलिमीटरचं भोक पाडून पाचचे आटे पाडा. ब्लेड टेकणारा समोरचा गाल मात्र सपाट हवा, तिथे कानस फिरवताना घाई नको. आणि एक गोष्ट विसरू नका: वरच्या आणि खालच्या क्लॅम्पचा हा स्थिर गाल एकाच बाजूला हवा. एक डावीकडे, एक उजवीकडे झाला तर ब्लेडचं वरचं टोक ०.६ मिलिमीटर कललेलं राहील, आणि टेबलला गुण्या लावून कितीही सेट केलंत तरी कड काटकोनात येणार नाही. स्क्रू आणि नॉब पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतात.

क्लॅम्प खरंच धरतो का, हे कसं कळणार? मोबाईलवर गिटार ट्यूनरचं ॲप घ्या. मशीन बंद करून, प्लग काढून, ताणलेलं ब्लेड तारेसारखं छेडा. क्लॅम्पमधली मोकळी लांबी १०० मिलिमीटर आणि ताण १०० न्यूटन असेल तर सूर साधारण ९०० हर्ट्झच्या आसपास येतो. दात आणि जाडीमुळे नेमका आकडा थोडा हलेल, तो सोडा. महत्त्वाचा आहे फरक. आकडा लिहून ठेवा, दहा मिनिटं कापा, पुन्हा छेडा. ताण हा वारंवारितेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे सूर दहा टक्के उतरला तर ताण १९ टक्के गेला. नवं ब्लेड सुरुवातीला किंचित सैलावतं, म्हणून एकदा पुन्हा ताणून मोजा. दुसऱ्या वेळीही उतरला तर ब्लेड सरकतंय. कुठल्या टोकाला? दोन्ही क्लॅम्पच्या काठाशी मार्करने ब्लेडवर बारीक रेघ मारा, जी रेघ काठापासून दूर गेली तो क्लॅम्प चोर.

चाचणीच्या वेळी गॉगल घाला आणि टेबलवर दाब-पाय खाली ठेवा. वरचा क्लॅम्प सुटला तर ब्लेडचं मोकळं टोक कापणाऱ्याच्या बोटांकडेच येतं, आणि पहिल्या दिवशी क्लॅम्प सुटण्याचीच शक्यता जास्त असते.