फुप्फुसात गुठळी: भिवंडीत खर्च कुठे होतो, पैसा कुठे वाचतो

मागावर उभं असताना अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचू लागलं, एक पाय सुजला, तर केमिस्टकडे गोळी मागत वेळ घालवू नका. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकलेली असू शकते. मोठं ऑपरेशन, पायाचं प्लास्टर किंवा बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर धोका जास्त. लगेच १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

निदान
शिरेत औषध टोचून केलेल्या सीटी स्कॅनवर गुठळी दिसते. खासगीत साधारण पाच ते दहा हजार रुपये धरा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय त्यातलंच. पुढे पाठवलं, तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मुंबईत सायन किंवा केईएम.

भरती
बहुतेकांना हेपॅरिन किंवा एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांची इंजेक्शनं पुरतात. रक्तदाब कोसळला, तर गुठळी विरघळवणारं औषध लागतं. त्यात स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त, टेनेक्टेप्लेज आणि अल्टेप्लेज कित्येक पट महाग. खासगीत बिल फुगतं ते आयसीयूमुळे. दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. ते वाचा, रोजचा अंदाज लेखी मागा.

योजना
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, पण फक्त संलग्न रुग्णालयात. तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवा आणि हा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, ते पहिल्याच दिवशी विचारा. चौकशीसाठी १५५३८८. परराज्यातून आलेल्या कामगारांचं आयुष्मान कार्ड इथेही चालतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत असतात.

घरी आल्यावर
रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. घरचं बजेट कोलमडतं ते इथे. रिव्हारॉक्साबॅनला वारंवार रक्ततपासणी लागत नाही, आणि आता ती अनेक कंपन्या बनवतात, तेव्हा भावाची तुलना करा. वॉरफॅरिन फार स्वस्त, पण रक्त किती पातळ झालं ते पाहणाऱ्या आयएनआर तपासणीचे पैसे आणि त्या दिवसाची बुडालेली रोजी त्यात मिळवून हिशोब करा. जनऔषधी केंद्रातही विचारा.

पैसे संपत आले, तर डॉक्टरांना तसं सांगा. ते गोळी बदलून देऊ शकतात. मनाने बंद मात्र करू नका. गुठळी परत होऊ शकते, आणि दुसऱ्या वेळी जीवही जाऊ शकतो.