थंडाईत काय टाकलंय, ते आधी सांगा

धुळवडीच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास मूर्तिजापूरच्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांना घरच्यांनी उचलूनच आणलं. वय अडुसष्ट, बीपी आणि शुगर दोन्हींच्या गोळ्या चालू. जीभ जड झालेली, उभं केलं की तोल जायचा, नाडी मिनिटाला १३०. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाय भुईले टेकूनच नाही रायले जी. मी चाललो आता."

घरच्यांना वाटलं, लकवा मारला. खरं सांगायचं तर मलाही आधी तेच वाटलं. शुगर तपासली, ईसीजी काढला, अकोल्याला पाठवून डोक्याचं सीटी स्कॅन करवलं. सगळं ठीक. रात्री दहाला पुतण्याचा फोन आला : "साहेब, रागावू नका. दुपारच्या थंडाईत पोट्ट्यायनं भांग टाकली होती. गंमत केली जी." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा फोन चार तास आधी आला असता, तर आजोबांची ती रात्र अर्धी सोपी झाली असती. भांग शरीरात जे करते ते करतेच, पण खाणाऱ्याला ती खाल्ल्याचं माहीतच नसतं तेव्हा त्याची भीती आणि डॉक्टरांचा गोंधळ त्यात भर घालतात.

खाल्लेली भांग उशिरा चढते

चिलमीतला गांजा काही मिनिटांत डोक्यात जातो. पोटातून गेलेल्या भांगेचा अंमल सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात, भर यायला आणखी वेळ जातो आणि उतरायला सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त. तिच्यातलं टीएचसी हे द्रव्य तुपात-दुधात विरघळतं, म्हणून थंडाई, बर्फी, पेढ्यातून ते चांगलं शोषलं जातं. पुढे यकृत त्याचं आणखी तेज रूप तयार करतं. त्यात घोटलेली भांग तळाशी बसते. पहिला ग्लास फिका आणि शेवटचा जहाल, असंही होतं.

माहीत असणारा माणूस निदान थांबतो. माहीत नसणारा ऊन लागलंय म्हणून दुसरा ग्लास मागतो, आणि मग मोटारसायकलला किक मारून हायवेला लागतो.

कोणाला जास्त धोका

नाडी धावते आणि उभं राहिल्यावर बीपी एकदम पडतं. हृदयविकार असलेल्याला आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला हे झेपत नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर गुंगी दुप्पट. गरोदर बाईला आणि मानसिक आजाराच्या रुग्णाला भांग चुकूनही दिली जाता कामा नये. सगळ्यात वाईट लहान मुलांचं. मोठा माणूस हसतो-बरळतो, मूल मात्र गाढ झोपतं, उठवलं तरी उठत नाही. क्वचित श्वासही मंदावतो.

नकळत असं पोटात जाणं फक्त सणापुरतं नाही. २०२० साली उत्तर प्रदेशातल्या कनौज जिल्ह्यात मेथी समजून गांजाच्या पाल्याची भाजी खाल्लेलं अख्खं कुटुंब दवाखान्यात पोचलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सामायिक स्वयंपाकघरातलं टीएचसी मिसळलेलं तेल चुकून पिझ्झाच्या पिठात गेलं आणि ८५ जणांना बाधा झाली. त्यांत एक वर्षाचं बाळ होतं आणि ९१ वर्षांचं माणूसही.

ओळखायचं कसं

पंगतीनंतर, भंडाऱ्यानंतर किंवा थंडाईनंतर तास-दोन तासांत एकाच वेळी दोघं-चौघं विचित्र वागू लागले, तर शंका घ्या. डोळे लाल, तोंडाला कोरड, विनाकारण हसू, पाच मिनिटं तासाएवढी वाटणं, छातीत धडधड, "मी मरतो" ही भीती, उलट्या. पण नुसत्या अंदाजावर राहू नका. लकवा आणि उतरलेली शुगर अशीच दिसू शकतात. घरी ग्लुकोमीटर असेल तर आधी शुगर बघा.

काय करायचं

शांत खोलीत बसवा, एक माणूस सतत जवळ ठेवा. "हे भांगेनं झालंय, उतरेल" एवढं हळू आवाजात सांगत राहा, याचा मोठा उपयोग होतो. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या, गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. लिंबू, चिंच, लोणचं, ताक यांनी भांग उतरत नाही, आणि पेंगणाऱ्याच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. बळेच उलटी करवू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी देऊ नका. उरलेली थंडाई किंवा मिठाई झाकून ठेवा, तपासायला लागेल.

मूल असेल, गरोदर बाई असेल, छातीत दुखत असेल, झटके येत असतील, माणूस उठत नसेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत इर्विन रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. बाहुल्या मोठ्या, अंग कोरडं नि तापलेलं, लघवी अडलेली आणि हवेत काही वेचल्यासारखे हात चालत असतील, तर भांगेत धोतरा असण्याची शक्यता आहे. तो जिवावर बेततो. भांगेवर उतारा नाही, लक्षणं सांभाळावी लागतात. धोतऱ्याचे उपचार वेगळे, म्हणून खरं सांगणं महत्त्वाचं.

पोलिसांच्या भीतीनं लोक गप्प बसतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नुसता पाला गांजात मोडत नाही, म्हणून भांग मोकळी, असा समज आहे. पण महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. आणि इजा होऊ शकते हे जाणून कोणाला गुंगीचा पदार्थ खाऊ घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ज्याला खाऊ घातलं, त्याचा यात काही दोष नसतो. त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांपासून काही लपवू नये.

आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी ठणठणीत होऊन घरी गेले. परवा बीपी तपासायला आले, तेव्हा चहा पुढे केला. त्यांनी कपात वाकून बघितलं आणि विचारलं, "काई टाकलं तं नाही ना जी?" आम्ही दोघंही हसलो. पुतण्याच्या घरी मात्र ते अजून पाणीही घेत नाहीत.