पेल्यातील सुटी पाने : चिनी चहाच्या इतिहासाचा एक पाठ

चीनमध्ये कचेरीत, कारखान्यात, शिक्षकांच्या टेबलावर झाकणाचा पेला किंवा काचेची बाटली हमखास दिसते आणि तिच्या तळाशी चहाची सुटी पाने असतात. गाळणी नाही, किटली नाही, दूध-साखर नाही. पेल्यात मोठी चिमूटभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम पाने टाकून वर २०० मिलिलिटर गरम पाणी ओततात. हिरव्या चहासाठी उकळून थोडे निवलेले, साधारण ८० अंश सेल्सिअसचे पाणी घेतात. अति उष्ण पाण्याने चहा कडवट होतो. काही मिनिटांत पाने भिजून खाली बसतात. तरंगणारी पाने फुंकरीने बाजूला सारून घोट घेतात. एक तृतीयांश चहा उरला असतानाच पुन्हा पाणी ओततात, म्हणजे पुढच्या पेल्यालाही चव राहते. रेल्वेगाड्यांतही गरम पाण्याची सोय असल्याने प्रवासात हा क्रम खंडित होत नाही.

ही साधी रीत राजदरबारी पोहोचण्यास मात्र बराच काळ लागला. चहावरील पहिला प्रसिद्ध ग्रंथ ‘चा जिंग’ आठव्या शतकात लू यू याने लिहिला. हा अनाथ बालक बौद्ध विहारात वाढला होता. ध्यानाच्या वेळी जागृत राहण्यासाठी भिक्खू चहा घेत, आणि चहाच्या प्रसारात विहारांचा मोठा वाटा होता. पुढे सोंग राजवटीत सम्राटासाठी चहाच्या वड्या बनू लागल्या. कोवळी पाने वाफवून, दाबून, वाटून, साच्यात घालून वाळवीत आणि त्यांवर ड्रॅगन व फिनिक्स यांचे ठसे उमटवीत. पिताना त्यांचे चूर्ण करून बांबूच्या घुसळणीने फेस आणीत. या वैभवामागे पाने खुडणाऱ्या आणि वाटणाऱ्या श्रमिकांचे अपार कष्ट होते. सामान्य लोक त्या काळीही सुटी पाने वापरीत.

१३६८ मध्ये मिंग राजवट स्थापन करणारा झू युआनझांग हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. दुष्काळ आणि रोगराई यांत आईवडील गमावल्यावर तो बौद्ध मठात राहिला. त्याने भिक्षाही मागितली. १३९१ मध्ये त्याने फर्मान काढले : वड्यांचा नजराणा बंद, यापुढे सुटी पानेच पाठवावीत. प्रजेच्या श्रमांवरील भार कमी करणे हा त्यामागील हेतू होता. अशा रीतीने जनसामान्यांची रीत राजवाड्यात गेली आणि पुढे सर्व चीनची झाली.

तथापि, इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थांबू नये. हा सम्राट अत्यंत कठोर शासक होता आणि नजराणाही संपला नव्हता, केवळ त्याचे स्वरूप बदलले होते. श्रमिकाला मिळाली ती राजाची सवलत होती, हक्क नव्हे. राजा देतो ते राजा परतही घेऊ शकतो.

आपल्याला हा भेद अधिक तीव्रतेने जाणवतो, कारण आपल्या देशात चहाचा पेला हे अपमानाचे साधन होते. अस्पृश्य ठरविलेल्या माणसासाठी उपाहारगृहात वेगळी कपबशी ठेवीत आणि ती त्यानेच धुवावी लागे. चहा तोच, पाणी तेच; माणूस मात्र वेगळा ठरविला जाई. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करताना बाबासाहेबांनी कोणाकडे सवलत मागितली नाही. त्यांनी माणुसकीचा हक्क बजावला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ ने सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरविला आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

म्हणून आपल्या मुलांना चहाचा इतिहास शिकविताना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे : ही वस्तू कोणाच्या श्रमातून आली? ती कोणाला नाकारली गेली? आणि आज ती मिळते, ती कृपेने की हक्काने? हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी कोणत्याही देशाचा इतिहास डोळसपणे वाचू शकेल.