रणगाडे आले, तरी डेट्रॉइट पाच दिवस का धुमसत राहिलं?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेले होते. तो डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतो. एका रविवारी त्याने मूळ शहर दाखवायला नेलं, तर मैलोन्‌मैल ओसाड प्लॉट आणि मध्येच एखादं खिडक्या नसलेलं घर. ‘हे सगळं १९६७च्या दंगलीमुळे,’ असं तो म्हणाला. मला दोन गोष्टी उमगल्या नाहीत. पोलीस, नॅशनल गार्ड, लष्कर, रणगाडे एवढा सगळा फौजफाटा असताना दंगल पाच दिवस चाललीच कशी? आणि पाच दिवसांत एवढं मोठं शहर उजाड होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, त्याच्याकडे नंतर येऊ. पहिला प्रश्न जास्त अवघड. त्यातली मेख अशी की, पोलीस, गार्ड आणि लष्कर यांना तुम्ही एका दमात एका रांगेत बसवलंत, पण त्या आठवड्यात ते एकमेकांसारखे वागलेच नाहीत.

सुरुवात झाली २३ जुलैच्या पहाटे, पावणेचारच्या सुमाराला. ट्वेल्फ्थ स्ट्रीट आणि क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर एका छापखान्याच्या माडीवर विनापरवाना दारूचा अड्डा चालायचा. असे अड्डे त्या वस्तीत बरेच होते आणि त्यांच्यावर छापे पडणंही नवं नव्हतं. वीस-पंचवीस माणसं सापडतील या हिशेबाने पोलीस वर गेले आणि त्यांना ८२ जण सापडले. व्हिएतनामहून परतलेल्या दोन सैनिकांसाठी पार्टी चालली होती. सगळ्यांनाच अटक करायची असं ठरलं, पण एवढ्या लोकांना न्यायला गाड्या नव्हत्या. मग फेऱ्या सुरू झाल्या. त्यात तासभर गेला. उकाड्याची रात्र, माणसं रस्त्यावरच होती, बघ्यांची गर्दी जमत गेली. शेवटची गाडी निघेपर्यंत पाच वाजत आले होते. कुणीतरी बाटली भिरकावली आणि पोलिसांच्या गाडीची मागची काच फुटली.

त्या वेळी अख्ख्या शहरात गस्तीवर दोनशेच्या आतच पोलीस होते. रविवारची पहाट म्हणजे पोलीस खात्याच्या दृष्टीने आठवड्यातली सगळ्यात ढिली वेळ. वरून हुकूम आला तो गोळी न चालवण्याचा आणि भाग वेढून ठेवण्याचा. आदल्याच वर्षी शहराच्या पूर्वेकडे एक छोटी चकमक अशीच आवरली होती, म्हणून हा तोडगा पुन्हा वापरला. या वेळी तो लागू पडला नाही. दुकानं फुटू लागली, पोलीस नुसते बघत उभे आहेत हे लोकांना दिसलं आणि गर्दीला चेव आला. लुटालुटीत गोऱ्यांचेही हात होते, हे मुद्दाम सांगायला हवं. काळे विरुद्ध गोरे अशी ही मारामारी नव्हती. रोख पोलिसांवर होता आणि दुकानांवर.

बातमी बाहेर फुटू नये म्हणून रेडिओ-टीव्हीवाल्यांना गप्प राहायची विनंती केली होती. त्यामुळे दुपारी टायगर स्टेडियममध्ये बेसबॉलचे सामने यथासांग चालू होते आणि प्रेक्षकांना लांबवर धूर तेवढा दिसत होता. काँग्रेसचे काळे सदस्य जॉन कॉनियर्स मोटारीवर चढून भोंग्यातून लोकांना समजावत होते, तर त्यांच्यावरच दगड-बाटल्या आल्या. टायगर्सचा खेळाडू विली हॉर्टन सामना संपल्यावर खेळाच्याच कपड्यांत तिथे पोचला. तो याच शहरात लहानाचा मोठा झालेला. त्यानेही गाडीवर उभं राहून घरी जायची विनवणी केली. लोकांनी त्याला ‘इथून जा, तुला काही होईल’ म्हणून परत पाठवलं. लोक त्याच्यावर चिडलेले नव्हते, पण ऐकणारही नव्हते.

संध्याकाळी नॅशनल गार्ड आलं. हे नाव ऐकून आपल्याला होमगार्ड आठवतात, पण गार्डकडे रायफली होत्या आणि रणगाडेही. मात्र माणसं अर्धवेळ. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार कवायत करणारी. जवळजवळ सगळे गोरे, बरेचसे लहान गावांतून आलेले, मोठ्या शहराच्या काळ्या वस्तीत रात्रीच्या अंधारात पहिल्यांदाच पाऊल टाकणारे. ते घाबरलेले होते आणि त्यांच्या हातात भरलेल्या बंदुका होत्या. नंतरचं बरंचसं या एका वाक्यात सामावतं, असं माझं मत आहे.

एक प्रसंग सांगतो. ट्वेल्फ्थ स्ट्रीटजवळच्या एका घरात रात्री कुणीतरी सिगारेट पेटवली. बाहेरच्या जवानांना खिडकीत ठिणगी दिसली आणि ती बंदुकीची वाटली. रणगाड्यावरच्या जड मशीनगनने त्या घरावर गोळ्यांचा मारा केला. आत चार वर्षांची मुलगी होती, ती जागीच गेली.

छपरांवर लपून नेम धरणाऱ्या बंदूकधाऱ्यांची, म्हणजे ‘स्नायपर’ची आवई तेव्हा शहरभर उठली होती. रस्त्याच्या एका टोकाला गार्डने गोळी झाडायची, दुसऱ्या टोकाच्या पोलिसांनी ती स्नायपरची समजून उत्तर द्यायचं, मग तिसऱ्यांनी त्या दोघांना. पुढे स्नायपर म्हणून २७ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यातल्या २२ जणांची सुटका प्राथमिक सुनावणीतच झाली.

आता लष्कर. ते यायलाच उशीर झाला आणि त्याचं कारण राजकारण. मिशिगनचे गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी (मिट रॉम्नींचे वडील) पुढच्या वर्षीच्या अध्यक्षपदावर डोळा ठेवून होते, रिपब्लिकन पक्षाकडून. अध्यक्ष होते डेमोक्रॅट लिंडन जॉन्सन. ‘परिस्थिती माझ्या हाताबाहेर गेली’ असं रॉम्नींनी लिहून द्यावं, असा वॉशिंग्टनचा आग्रह. तसं लिहून दिलं तर स्वतःची नाचक्की, शिवाय ‘बंड’ हा शब्द कागदावर आला तर विमा कंपन्या हात वर करतील ही धास्ती. रविवारची रात्र आणि सोमवारचा बराचसा वेळ असा टोलवाटोलवीत गेला. सोमवारी दुपारपर्यंत ८२व्या आणि १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे पॅराट्रूपर सेल्फ्रिज हवाई तळावर उतरले होते, पण त्यांना शहराच्या वेशीवर ताटकळत ठेवलं. मध्यरात्री जॉन्सन टीव्हीवर बोलले. रॉम्नींना परिस्थिती आवरता आली नाही हे त्या भाषणात त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकवलं. त्यानंतर जवान रस्त्यावर आले. तुमच्या ‘पाच दिवस कसे’ या प्रश्नाच्या उत्तरातला निदान एक दिवस या दोघांच्या खात्यावर टाका.

लेफ्टनंट जनरल जॉन थ्रॉकमॉर्टन यांनी शहराचे दोन भाग केले. पूर्वेकडे पॅराट्रूपर, पश्चिमेकडे गार्ड. पूर्वेला साउथइस्टर्न हायस्कूलमध्ये गार्डची तुकडी दिवे मालवून अंधारात बसली होती, आपल्याला चहूकडून वेढलंय या समजुतीत. पॅराट्रूपरांच्या कर्नलने तिथे पोचल्यावर पहिलं काम काय केलं, तर सगळे दिवे लावायला सांगितले आणि जवानांना दिसेल अशा जागी उभं केलं. थ्रॉकमॉर्टन यांचा हुकूम तर त्याहून विलक्षण होता : बंदुका रिकाम्या करा. पॅराट्रूपरांनी तो पाळला. गार्डच्या पुष्कळ जवानांपर्यंत तो पोचलाच नाही, किंवा पोचूनही पाळला गेला नाही. पूर्वेकडचे जवान पुढे रस्ते झाडताना, कचरा उचलताना दिसले. त्यांच्यातले अनेकजण व्हिएतनाममध्ये लढून आलेले होते आणि काळ्या जवानांचं प्रमाण गार्डच्या कितीतरी पट होतं. खरी गोळी कशी येते हे ज्याला ठाऊक असतं, तो फटाक्याच्या आवाजाला गोळी समजत नाही.

पाच दिवसांत लष्कराच्या २,७०० जवानांनी मिळून २०१ गोळ्या झाडल्या. गार्डने दीड लाखाहून जास्त. आणि काही तासांत शांत झाला तो भाग कोणता? लष्कराचा.

एकूण ४३ माणसं मेली, ३३ काळी आणि १० गोरी. त्यांतले वीस किंवा एकवीस पोलिसांच्या हातून, सात ते नऊ गार्डच्या हातून आणि एक लष्कराच्या हातून. म्हणजे सुरुवातीला गोळी न चालवणारे पोलीसच पुढे सगळ्यात जास्त माणसं मारून बसले. तेव्हा डेट्रॉइटच्या पोलीस खात्यात ९० टक्क्यांहून जास्त गोरे होते आणि काळ्या वस्तीत ‘बिग फोर’ म्हणजे चार धिप्पाड पोलिसांची गाडी दिसली की पोरं पांगायची. राग दोन्हीकडे जुना होता. अल्जियर्स मोटेलमध्ये तीन काळे तरुण मारले गेले, ते प्रकरण तुम्ही कॅथरिन बिगेलो यांच्या ‘डेट्रॉइट’ सिनेमात पाहिलं असेल. त्या प्रकरणात कुणालाही शिक्षा झाली नाही.

याच शहराने हे आधी एकदा अनुभवलं होतं, आणि विसरूनही गेलं होतं. जून १९४३मध्ये बेल आइल बेटावरून भडका उडाला, तेव्हा मात्र खरोखर गोरे आणि काळे जमाव एकमेकांना भिडले. ३४ मेले, त्यांपैकी २५ काळे, आणि त्या २५ मधले १७ पोलिसांच्या गोळीने. केंद्राचं लष्कर आलं आणि फारशी गोळी न झाडता दंगल थांबली. म्हणून लष्कर बोलावणं हा रामबाण उपाय असं मात्र समजू नका. लष्कराकडे हुकमाची शिस्त होती आणि त्या गल्लीशी जुना हिशेब नव्हता. दोन्ही नसतील तर लष्करी वेश काय कामाचा?

आता उजाड शहराचं. मुलाला सांगा, दंगलीच्या आधीच डेट्रॉइट रिकामं व्हायला लागलं होतं. १९५०मध्ये लोकसंख्या साडेअठरा लाख होती. १९६० पर्यंत, म्हणजे दंगलीच्या सात वर्षं आधी, ती पावणेदोन लाखांनी घटली होती. पॅकार्डचा प्रचंड मोटार कारखाना १९५६लाच बंद पडला. नवे कारखाने उपनगरांत गेले, त्यांच्यामागून गोरी कुटुंबं गेली. काळ्यांना तिकडे घर मिळत नव्हतं. एट माइल रोडजवळ एक भिंत आजही उभी आहे, सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१मध्ये एका बिल्डरने ती बांधली, काळी वस्ती पलीकडे ठेवली म्हणजे त्याच्या गोऱ्या वसाहतीला सरकारी हमीचं गृहकर्ज मिळेल म्हणून. दुसरीकडे ब्लॅक बॉटम ही काळ्यांची जुनी वस्ती आणि तिचा हेस्टिंग्ज स्ट्रीटचा गजबजलेला बाजार पाडून त्यावरून महामार्ग नेला. तिथली माणसं जिथे दाटीवाटीने येऊन राहिली त्या भागांपैकी एक म्हणजे ट्वेल्फ्थ स्ट्रीट. १९६७ने पळापळीला वेग दिला, हे खरं. २०२०च्या जनगणनेत शहराची वस्ती ६ लाख ३९ हजार उरली होती.

ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स ही उपनगरं याच स्थलांतरातून फुगली. १९६५च्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेची दारं उघडली, तेव्हा मोटार कंपन्यांत आलेले आपले मराठी इंजिनिअर थेट तिथेच उतरले. गणपती बसतो तोही तिकडेच. त्यामुळे तुमच्या मुलाने शहराची कहाणी उपनगरातून ऐकलेली असणार, आणि उपनगराच्या कहाणीत शहर दंगलीनेच मेलेलं असतं.

दंगलींच्या चौकशीसाठी जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८च्या फेब्रुवारीअखेर अहवाल दिला : मूळ दुखणं गोऱ्यांचा वंशभेद हे आहे, घरं, नोकऱ्या आणि शाळांवर पैसा घाला, आणि गर्दीवर रणगाडे-मशीनगन वापरू नका. जॉन्सन यांनी तो जवळपास बाजूला सारला. त्याच वर्षी झालेल्या गुन्हेनियंत्रण कायद्यातून पोलीस खात्यांना केंद्राचा पैसा मात्र मिळू लागला, आणि त्यातला पुष्कळ साधनसामग्रीवर गेला. डेट्रॉइटमध्ये १९७१ला ‘स्ट्रेस’ नावाचं पोलिसांचं साध्या वेशातलं पथक निघालं. त्याच्या गोळीबारात इतके काळे तरुण मेले की, ते पथक मोडण्याचं वचन देऊन कोलमन यंग १९७३ची निवडणूक जिंकले आणि शहराचे पहिले काळे महापौर झाले.

पुढच्या खेपेला गेलात तर ट्वेल्फ्थ स्ट्रीट नकाशात शोधू नका. १९७६पासून तिचं नाव रोझा पार्क्स बुलेव्हार्ड आहे. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझाबाई १९५७पासून डेट्रॉइटलाच राहत होत्या, त्या कोपऱ्यापासून मैलभरावर. दंगलीत त्यांच्या नवऱ्याचं केशकर्तनालयही लुटलं गेलं.